खाजेची ट्यूब: आराम पडला म्हणजे औषध बरोबर होते का?

पुण्यात पाऊस स्थिरावला की औषधांच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "खाजेची ट्यूब द्या हो एक." खाज कुठे आहे, कधीपासून आहे, घरात आणखी कोणाला आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही आणि गिऱ्हाईकही आपणहून सांगत नाही. जांघेतल्या चट्ट्याबद्दल दुकानातल्या गर्दीत बोलायचे तरी कसे? मग शेजाऱ्याला लागू पडलेली ट्यूब घेतली जाते, नाहीतर गेल्या वर्षीची चेपलेली ट्यूब दाखवून "हीच द्या" म्हटले जाते. रात्री लावली की सकाळपर्यंत खाज शमते, लाली ओसरते. आठ-दहा दिवसांनी चट्टा पुन्हा उठतो, पुन्हा ट्यूब येते. दिवाळीपर्यंत रुपयाएवढा चट्टा कमरेभर पसरलेला असतो.

इतक्या झटपट गुण देणाऱ्या मलमात बहुधा स्टेरॉइड असते. हे नाव ऐकले की काहींच्या पोटात गोळा येतो, तर काहींना ते सगळ्यावरचा रामबाण उपाय वाटते. दोन्ही समज रुग्णाचे नुकसान करतात. १९५२ साली अमेरिकेत मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबासारखे विकार आटोक्यात येतात हे दाखवले आणि त्वचारोगांच्या उपचारांचे रूपच पालटले. इसब, सोरायसिस, एखाद्या पदार्थाच्या स्पर्शाने आलेली ॲलर्जी यांवर स्टेरॉइडचे मलम आजही पहिल्या फळीचे औषध आहे. अडचण अशी, की ते जवळजवळ कुठलीही खाज शमवते. ज्या रोगावर ते उपयोगी आहे त्याची, आणि ज्या रोगाला ते खतपाणी घालते त्याचीही. त्यामुळे "लावले आणि बरे वाटले" एवढ्यावरून औषध बरोबर होते की चुकीचे, हे कळत नाही. ते ठरवायला खाज कशाची आहे, मलम कोणते आहे, ते कुठे, किती आणि किती दिवस लावायचे, हे पाहावे लागते.

खाज थांबते, रोग चालू राहतो

स्टेरॉइड त्वचेतला दाह शमवते. बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून लाली उतरते, आणि प्रतिकार करणाऱ्या पेशींची धावपळ मंदावते म्हणून खाज कमी होते. इसबात शरीर विनाकारण चवताळलेले असते, तेव्हा हे शमवणे हाच उपचार ठरतो. नायट्यात मात्र त्वचेत बुरशी शिरलेली असते आणि लाली, खाज, खवले ही तिच्याशी चाललेल्या झुंजीची लक्षणे असतात. तिथे स्टेरॉइड लावणे म्हणजे चोर घरात असताना राखणदाराला झोपवणे. गलका थांबतो, चोरी चालूच राहते.

अशा नायट्याचे रूपही बदलते. कडेला उठावदार, मध्ये स्वच्छ असे त्याचे ओळखीचे गोल वर्तुळ पुसट होते, वर्तुळात वर्तुळे दिसू लागतात, कधी नुसताच तांबूस डाग राहतो. त्वचारोगतज्ज्ञालाही मग खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडचा नायटा चिवट झाला आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत हटणारा हा रोग आता महिनोन्‌महिने मागे लागतो आणि घरातल्या सगळ्यांना धरतो. यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले; त्यांनी अभ्यासलेले नमुने भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे होते. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला ही बुरशी अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावामागचे एक मोठे कारण असावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

आधी ओळखा: खाज कशाची?

घरबसल्या पक्के निदान होत नाही, पण काही खुणा पाहून किमान चुकीची ट्यूब तरी टाळता येते.

*नायटा किंवा गजकर्ण.* जांघ, काख, कंबरपट्टा, नितंब, स्तनांखालची घडी अशा घामाच्या जागा. कडा उठलेली, खवले असलेली आणि बाहेर सरकत जाणारी. घरात आणखी कोणाला तसेच चट्टे असतील तर संशय बळावतो. स्टेरॉइड लावू नये.

*खरूज.* रात्री अंथरुणात पडल्यावर वाढणारी खाज. बोटांच्या बेचक्या, मनगटे, बेंबीभोवती, पुरुषांच्या जननेंद्रियावर बारीक पुटकुळ्या. वसतिगृहात किंवा एका खोलीत चौघे-पाच जण राहत असतील तर एकाची सगळ्यांना होते. ही सूक्ष्म किड्यामुळे होते. तिच्यावर परमेथ्रिनसारखे औषध मानेपासून पायापर्यंत रात्रभर लावावे लागते, आठवड्याने पुन्हा लावावे लागते, आणि खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. स्टेरॉइडने खरूज झाकली जाते आणि पसरते.

*अंगावर उठणारे पित्त.* गांध्या उठतात, काही तासांत मावळतात, दुसरीकडे उठतात. इथे कुठलेच मलम फारसे कामाचे नाही. डॉक्टर ॲलर्जीविरोधी गोळ्या देतात. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर ट्यूब शोधत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

*नागीण, कांजिण्या, पिकलेले फोड.* दुखरे, पाणी धरलेले पुरळ, पू, पिवळी खपली किंवा सोबत ताप असेल तर स्टेरॉइड वर्ज्य. मुरमांवरही लावू नये.

*चट्टा नाही, नुसती अंगभर खाज.* पुण्याच्या कोरड्या थंडीत, विशेषतः वयस्कर माणसांत, हे बहुधा त्वचा कोरडी पडल्याने होते. कडकडीत पाणी आणि साबणाचा मारा कमी करून आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावले की फरक पडतो. तरीही खाज राहिली तर मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, रक्तातले लोह यांची तपासणी करून घ्यावी.

*इसब आणि ॲलर्जी.* कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत, मानेवर, भांडी घासणाऱ्या हातांवर कोरडे, चिरा पडणारे किंवा पाझरणारे चट्टे. घड्याळाच्या पट्ट्याखाली, टिकलीच्या जागी, केसांच्या कलपानंतर कपाळाच्या कडेला उठलेली लाली. स्टेरॉइडच्या मलमाचे खरे काम इथे आहे.

गाजर गवत: पुण्याची जुनी खाज

स्पर्शाच्या ॲलर्जीच्या इतिहासात पुण्याचे नाव ठळक आहे. काँग्रेस गवत, गाजर गवत, चटक चांदणी अशी नावे मिरवणारे तण इथे १९५०च्या दशकात नजरेत भरले आणि १९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेहून आलेल्या धान्यातून त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाठोपाठ या शहरात त्वचारोगाची जणू साथच आली. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी जे. सी. मिचेल आणि सी. डी. कॅलनन या परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. आज जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ गाजर गवताच्या ॲलर्जीचा अभ्यास करताना पुण्याच्या या नोंदींपाशी येतात.

या गवतातले पार्थेनिन नावाचे द्रव्य त्वचेला चेतवते. झाडाला हात लावायलाच हवा असे नाही. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्याबरोबर उडते आणि पापण्या, मानेच्या घड्या, कोपराची लवण अशा जागी बसते. म्हणून कपडे झाकत नाहीत तेवढाच भाग काळवंडतो, जाड होतो, खाजतो. उन्हामुळे झाले असावे, असा अनेकांचा समज होतो. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे, शेतात किंवा बांधकामावर राबणारे, मोकळ्या प्लॉटशेजारी राहणारे यांच्यात ते जास्त आढळते. ज्यांना ही ॲलर्जी आहे त्यांतल्या काहींना शेवंतीचाही त्रास होतो, कारण दोन्ही एकाच कुळातली. सणासुदीला हार करताना किंवा देवघरातले निर्माल्य काढताना पापण्या सुजत असतील तर हे लक्षात ठेवावे.

अशा माणसाला स्टेरॉइडच्या मलमाने खराखुरा गुण येतो आणि घोटाळा इथेच होतो. औषध बरोबर, आराम खरा, पण धूळ रोज अंगावर येतच असते. मग वर्षानुवर्षे ट्यूब चालते आणि पापण्यांची, मानेची त्वचा पातळ होते. खाज ठरावीक ऋतूत, उघड्या भागावर परत परत येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर संशयित पदार्थांच्या चकत्या ४८ तास चिकटवतात आणि मग दोन-तीन वेळा तपासतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या संचात गाजर गवत असतेच. कारण कळले की फिरण्याचा रस्ता बदलता येतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालता येतो, बाहेरून आल्यावर आंघोळ करून कपडे धुवायला टाकता येतात. सोसायटीच्या आवारातले गवत फुलावर येण्याआधी उपटून घ्यावे, हातमोजे घालून, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याने त्या कामाला हात लावू नये. त्रास फार असेल तर डॉक्टर पोटातून वेगळी औषधे देतात, म्हणजे मलमावरचा भार कमी होतो.

ट्यूबवर काय लिहिले आहे?

ट्यूबवरचे मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीने ठेवलेले असते. औषध बारीक अक्षरांत असते, तेच वाचा. ताकदीनुसार ओळख अशी:

- सौम्य: हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, डेसोनाइड
- मध्यम ते तीव्र: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बीटामेथासोन व्हॅलरेट
- अतितीव्र: क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल

टक्केवारी पाहून ताकद ठरवू नका. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के असते आणि हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, तरी पहिले दुसऱ्याच्या कित्येक पट जोरकस आहे.

नंतर पाहा, स्टेरॉइडसोबत आणखी काय आहे. 'कोनाझोल' किंवा 'ट्रिमाझोल'ने संपणारे नाव बुरशीनाशकाचे. निओमायसिन, जेंटामायसिन ही जंतुनाशके. तिन्ही एकत्र असलेली मलमे आपल्याकडे सर्रास विकली जातात, "काहीही असले तरी लागू पडेल" या हिशेबाने. त्यात बुरशीनाशक आहे म्हणून नायट्यावर चालेल, हा समज चुकीचा आहे. सोबतचे जोरकस स्टेरॉइड बुरशीला आसरा देतच राहते. निओमायसिनची तर स्वतःचीच ॲलर्जी येऊ शकते. अशा अनेक मिश्रणांसह ३२८ मिश्र औषधांवर केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये बंदी घातली, तरी घटक थोडे बदललेली मिश्रणे बाजारात राहिली. एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादे अक्षर लागले की आतले औषध बदलते, हेही ध्यानात असू द्या. "तीच ट्यूब" म्हणून हातात आलेली ट्यूब तीच असेलच असे नाही.

पूर्वी त्वचेवर लावायच्या बहुतेक स्टेरॉइडांना चिठ्ठीच्या नियमातून पळवाट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइडांची मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वेष्टणावर 'आरएक्स'चे चिन्ह आणि चिठ्ठीविषयीची सूचना असेल तर दुकानदाराने आढेवेढे घेण्याआधी आपणच चिठ्ठी पुढे करावी. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती कितीही 'हर्बल' म्हणवत असली तरी अंगाला लावू नये.

कुठे लावायचे?

त्वचा सगळीकडे सारखी जाड नसते. १९६७ साली फेल्डमन आणि मायबॅक या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांत किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या कोपर ते मनगट या भागातले शोषण १ धरले तर कपाळावर ६ पट, जबड्यावर १३ पट आणि अंडकोषाच्या त्वचेतून ४२ पट; उलट तळपायातून जेमतेम सातवा हिस्सा.

तळहाताच्या जाड, भेगाळलेल्या इसबासाठी डॉक्टरांनी दिलेले क्लोबेटासॉल जांघेत किंवा चेहऱ्यावर का लावू नये, याचे उत्तर या आकड्यांत आहे. चेहरा, पापण्या, मान, काख, जांघ आणि जननेंद्रिये या भागांवर सौम्य मलम, तेही थोडेच दिवस आणि डॉक्टरांनी सांगितले तरच. पापण्यांवर दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका संभवतो. घडीच्या जागी मलम आपोआप झाकले जाते आणि शोषण आणखी वाढते. वरून प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधल्यानेही तसेच होते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बांधू नये.

किती लावायचे?

"पातळ थर लावा" म्हणजे नेमके किती? यावर लाँग आणि फिन्ले या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९१ मध्ये सोपे माप दिले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा, एक हात खांद्यापासून मनगटापर्यंत तीन, एक पाय सहा, पोट-छातीला सात, पाठीला सात.

आता हिशेब करा. कोपरावर एका तळव्याएवढा चट्टा आहे. एका वेळी अर्धी रेघ, म्हणजे पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा, सात दिवस: साडेतीन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब अशा चट्ट्याला चार आठवडे पुरायला हवी. ती आठवड्यात संपत असेल तर मलम गरजेपेक्षा खूप जास्त जात आहे. याउलट भीतीपोटी मोहरीएवढेच मलम लावून "औषध लागू पडत नाही" म्हणणारेही आहेत. त्यांचे इसब अर्धवट राहते आणि एकंदरीत मलम जास्त काळ चालू ठेवावे लागते.

मुलांसाठीही माप मोठ्यांच्याच हाताचे. मुलाचा चट्टा आपल्या तळव्याने मोजायचा आणि आपल्या तर्जनीवर रेघ काढायची.

किती दिवस?

डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर या मर्यादा पाळाव्यात. चेहऱ्यावर आणि घड्यांत सौम्य मलम पाच-सात दिवस. अंगावर मध्यम किंवा तीव्र मलम एक ते दोन आठवडे. क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र मलम सलग दोन आठवड्यांच्या वर नाही आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर कधीच नाही. तीव्र मलमे बहुधा दिवसातून एकदा लावली तरी पुरतात. चारदा लावल्याने चौपट गुण येत नाही.

आठवडाभर नीट लावूनही फरक नाही, किंवा थांबवल्यावर लगेच उलटते, तर निदान पुन्हा तपासायला हवे. अधिक जोरकस ट्यूब आणणे हा त्यावरचा उपाय नाही. जुन्या इसबात, चट्टे गेल्यावरही आठवड्यातून दोन दिवस मलम लावून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण ती डॉक्टरांनी आखून द्यावी लागते.

लावायची रीत

जागा कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यावी. मलम केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरावे, रगडू नये. फक्त चट्ट्यावर लावावे. आजूबाजूच्या निरोगी त्वचेला "खबरदारी म्हणून" फासू नये. हातावरचेच औषध नसेल तर नंतर हात धुवावेत. मॉइश्चरायझर वापरत असाल तर दोन्हींच्या मध्ये वीस-तीस मिनिटे जाऊ द्यावीत. मॉइश्चरायझर मात्र हात सैल सोडून, वारंवार आणि भरपूर लावावे; इसबाच्या रुग्णाला स्टेरॉइड कमी लागावे असे वाटत असेल तर हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. कोरड्या, जाड चट्ट्याला तेलकट ऑइंटमेंट, ओलसर जागेला क्रीम, डोक्याच्या त्वचेला लोशन सोयीचे.

लिंबू, लसूण, बिब्बा, टूथपेस्ट आणि झोंबणारी लोशने यांनी खाज दबते ती त्वचा भाजल्यामुळे. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

नायटाच असेल तर डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक, चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. पावसाळ्यात न वाळलेली अंतर्वस्त्रे आणि भिजलेली जीन्स घालून दिवसभर दुचाकीवर फिरणे हे पुण्यातल्या नायट्याला मोकळे रान आहे. सैल सुती कपडे घालावेत, अंतर्वस्त्रांवर आतून इस्त्री फिरवावी, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवावा, आणि घरात ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांनी उपचार बरोबरच घ्यावेत.

बाळ, गर्भवती आणि स्तनदा माता

बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा बरीच असते, म्हणून स्टेरॉइड रक्तात उतरण्याचा धोकाही जास्त. लंगोटाच्या किंवा डायपरच्या जागी मोठ्यांची ट्यूब लावू नये. डायपर स्वतःच घट्ट पट्टीचे काम करतो. बाळाचा चेहरा गोल होत चालला, वाढ खुंटली अशा तक्रारींच्या मुळाशी महिनोन्‌महिने लावलेले मलम निघू शकते. मात्र बालरोगतज्ज्ञाने इसबासाठी सौम्य स्टेरॉइड दिले असेल तर भीतीने ते बंद करू नये. खाजेने रात्र रात्र न झोपणाऱ्या बाळाला ते सांगितल्याप्रमाणे मिळणेच हिताचे आहे.

गरोदरपणात सौम्य किंवा मध्यम मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने चालते. तीव्र मलम मोठ्या प्रमाणात वापरल्यास बाळाचे वजन कमी भरू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईने स्तनाग्रावर लावलेले औषध पाजण्यापूर्वी पुसून घ्यावे.

चेहऱ्यावर आधीच महिनोन्‌महिने लावले असेल तर

वांग, काळे डाग, लग्नसराईआधीचा उजळपणा यांसाठी मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण सर्रास वापरले जाते. पार्लरमधून, मैत्रिणीकडून ते हातोहात पोहोचते. सुरुवातीला चेहरा खुलतो. काही महिन्यांनी उन्हात आग होते, बारीक लाल शिरा दिसतात, मुरमे येतात, गालावर लव वाढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांवर झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. मलम बंद केले की चेहरा लालबुंद होतो आणि आग भडकते, मग माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो.

हे तुमच्या बाबतीत घडत असेल तर ट्यूब एकदम फेकून घरी सोसत बसू नका आणि लपवूही नका. त्वचारोगतज्ज्ञ सौम्य मलमावर उतरवत किंवा दुसरी औषधे देऊन ते सोडवतात. सुटायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. या काळात उन्हापासून जपावे, चेहऱ्यावर नवे प्रयोग करू नयेत. लाली आणि मुरमे बहुतांशी जातात. असेच मलम मांडीवर, काखेत लावून पडलेले पांढरट चिरांचे वण मात्र कायमचे राहतात.

डॉक्टरकडे जाताना

तपासणीच्या आदल्या दिवशी चट्ट्यावर काहीही लावू नका, म्हणजे खवल्यांचा नमुना नीट मिळतो. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. नावे आठवत बसण्यापेक्षा ते खात्रीचे. चट्टा सुरुवातीला कसा होता याचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर दाखवा. घरात आणखी कोणाला खाज आहे का, कामावर हात कशाकशात जातो, मधुमेह आहे का, हे न विचारताही सांगा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जांघेतले दाखवायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांसाठी ती रोजची तपासणी आहे, एवढे लक्षात ठेवा.

निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारून खोक्यावरच पेनाने लिहून घ्या: कोणत्या चट्ट्यासाठी, दिवसातून किती वेळा, किती रेघा, आणि कोणत्या तारखेला थांबवायचे. एखाद्या मलमाने अपाय झाला असे वाटले तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्णही तिथे स्वतः कळवू शकतो. उपचार संपल्यावर उरलेली ट्यूब कपाटात जपून ठेवू नका आणि शेजारी मागायला आले तरी देऊ नका. त्यांची खाज तुमच्यासारखी दिसत असली, तरी तिचे कारण वेगळे असू शकते.